पानं नव्हती तेव्हाची पाहणी

आमच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी सहाला लागायचं आणि इंटरनेट अंगणाच्या पलीकडे होतं.

हिंगोलीच्या कडेला, शेतं सुरू होतात तिथं, एका लहानशा संस्थेच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या होत्या. एक बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी अतिथिगृह. दुसरी आमचं मुलींचं वसतिगृह. मध्ये नवी फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात पिंपळ. संस्था सुरू झाली तेव्हा गावातल्या बायकांनी बुद्धपौर्णिमेला लावलेलं ते रोप होतं. आमच्या वेळेपर्यंत ते दोन्ही गच्च्यांच्या वर गेलं होतं. नवी मुलगी आली, की तिनं आधी पिंपळाला तांब्याभर पाणी घालायचं, मग तिला खोलीची किल्ली मिळायची. मुलगी कोणत्याही घरची असो, रीत तीच.

मी पाणी घातलं तेव्हा वडील सोबत होते. शिरड शहापूरच्या पुढच्या आमच्या वस्तीवरून आम्ही पहिल्या बसनं आलो होतो. वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. आमच्या घरातून कॉलेजात याआधी कुणी गेलं नव्हतं. त्यांनी चपला बाजूला काढल्या आणि मी तांब्या रिकामा करेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणालात, असं मी कधी विचारलं नाही.

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या आसपासची, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. विषय संगणकशास्त्र. अतिथिगृहात तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं होतं. संस्थेच्या कामाचं नेटवर्क वेगळं ठेवलेलं होतं आणि पाहुण्यांसाठी खिडकीत एक स्वतंत्र वायरलेस डबा बसवला होता. त्याचं नाव ‘गेस्ट’. संस्थेचे सचिव निवृत्त शिक्षक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांनी आम्हा मुलींनाही ‘गेस्ट’ वापरायची परवानगी दिली होती. पण ती अतिथिगृहाच्या ओसरीत बसून, आणि सहाच्या आत. कॉलेज सुटून, रिक्षा मिळून, हातपाय धुऊन ओसरीत पोचेपर्यंत साडेपाच व्हायचे. संस्थेचा एक जुना लॅपटॉप होता, त्याभोवती आम्ही आठ-दहा जणी. एखादं पान अर्धं उघडलेलं असतानाच घंटा व्हायची.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. बाकीच्यांनी ग्रंथालयाची नोंद, दुकानाची बिलं असे विषय घेतले. मला काही सुचत नव्हतं. बाईंनी वर्गात विचारलं तेव्हा मी घाबरून जे मनात होतं तेच बोलले. म्हटलं, “एका इमारतीतलं पाहुण्यांचं नेटवर्क दुसऱ्या इमारतीपर्यंत न्यायचं. कमी खर्चात.” मागून कुणीतरी हसलं. बाईंनी मात्र लिहून घेतलं.

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि अटी घातल्या. “फरशी फोडायची नाही. वरून तार ओढायची नाही, वानरं ठेवत नाहीत. केबलची तार दोनदा तोडलीय त्यांनी. आणि नवं काही विकत आणायचं नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “बाहेरचे परीक्षक येतील त्या दिवशी चाललं, तर कायम ठेवू. नाही चाललं तर तूच उतरवून ठेव.”

म्हणजे माझं पास होणं आणि वसतिगृहातल्या सगळ्यांच्या संध्याकाळी, दोन्ही त्या एका दिवसावर आलं.

बाजारातल्या जुन्या संगणकांच्या दुकानात मला वापरलेला एक वायरलेस डबा मिळाला. गुरुजींनी अतिथिगृहातला बंद पडलेला प्रिंटर बदल्यात देऊ दिला, म्हणून वेगळा खर्च आला नाही. त्या डब्याचं काम साधं होतं. एका बाजूनं ऐकायचं आणि तेच दुसऱ्या बाजूनं पुन्हा म्हणायचं. आमच्याकडे मोठ्या शेतात हाक अशीच जाते. या बांधावरून वडील हाक मारतात, मधला माणूस ती ऐकून पुढे मारतो आणि पल्याडच्या बांधावर आई डोक्यावरचं वैरणीचं ओझं खाली ठेवते. त्या डब्याकडे पाहिलं की मला मधला माणूस आठवायचा.

आवाज नेमका समोर जावा म्हणून अँटेनाच्या मागे वाकवलेला पत्रा लावतात. बॅटरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते, तसा. पत्रा मी स्वयंपाकाच्या मावशींकडून मागून आणला, तेलाच्या रिकाम्या डब्याचा. वसतिगृहाचं स्वयंपाकघर म्हणजे मावशींचं राज्य होतं. तिथला चमचासुद्धा विचारल्याशिवाय हलत नसे.

“मोगरा लावायला ठेवला होता म्या तो डबा,” मावशी म्हणाल्या. “काय करून राहिलीस त्याचं?”

“इंटरनेट आणायचंय, मावशी.”

“डब्यात?”

“हवेतून येतं ते.”

“मंग डबा कशाला पायजे? पदर धर की.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण डबा मिळाला.

शिमग्याच्या आठ दिवस आधी मी पाहणी केली. उंचावरून अडथळा कमी असतो, असं पुस्तकात होतं. दोन्ही गच्च्यांच्या कठड्यांशी उभी राहून मी पाहिलं. समोरची गच्ची लख्ख दिसत होती. तिथली पाण्याची टाकी, टाकीवरचा कावळा, कावळ्याच्या चोचीतला सुतळीचा तुकडासुद्धा. मी वहीत लिहिलं की दोन्ही गच्च्यांच्या मध्ये सरळ नजर जाते, काहीही आड येत नाही.

अतिथिगृहाचा डबा लांब तारेनं गच्चीवर नेला, आमचा डबा आमच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीत बसवला. आणि ते चाललं. पहिल्याच संध्याकाळी, दार लागल्यानंतर, वरच्या जिन्यात बसून मी एक पान उघडलं आणि ते पूर्ण उघडलं. वरपासून खालपर्यंत. मी ते वाचलंही नाही. नुसती पाहत राहिले.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलेल्या मुली, कुणाचे ओले केस, खालून येणारा भाकरीचा वास. कुणीतरी तारे पाहायची, कुणी नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती, कुणी नुसतेच समुद्राचे फोटो. आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरच्या धरणाचं. एक जण म्हणाली, “हा आपल्या धरणावानीच दिसून राहिला, नुसता काठ न्हाई.” अहवाल मी त्याच दिवसांत टाइप करून घेतला, इंग्रजीत, आणि सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधूनही आणला. आता काही राहिलं नाही, असं वाटत होतं.

मग ते जायला लागलं.

एकदम नाही. आमच्या डब्याला समोरचं किती ऐकू येतं, त्याच्या लॅपटॉपवर चार रेघा दिसायच्या, त्या तीन झाल्या. मग दोन. पान अर्ध्यात थांबू लागलं. मी तार बदलली, पत्रा घासून चकचकीत केला. ऊन लागतं म्हणून डब्यावर ओलं फडकं टाकून पाहिलं. मुली हळूहळू जिन्यातून उठून खोल्यांत गेल्या. परीक्षक यायला दहा दिवस उरले होते.

मी डबा काढून दुकानात नेला. दुकानदार भाईंनी तो टेबलावर लावून पाहिला. चारही रेघा.

“बहन, डब्बा एकदम बराबर है,” ते म्हणाले. “तकलीफ कहीं और है.”

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा पुन्हा पेटीत बसवून मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसले. टाकीच्या सावलीत. करायला काही उरलं नव्हतं म्हणून बसले, खरं तर. वारा पडलेला होता. पिंपळाला नवी पालवी आली होती. तांबूस, मऊ, उन्हात आरपार दिसणारी. खालची पानं हिरवी होत चालली होती. किती दिवसांत आली ही, मला कळलंच नाही. मी त्याच्याकडे पाहत होते, नुसती, डोळे जड होईपर्यंत. मग बारीक झुळूक आली आणि सगळी पानं एकदम थरथरली. पिंपळाला तेवढं पुरतं. आणि माझ्या मांडीवरच्या पडद्यावरची रेघ एक झाली, दोन झाली, पुन्हा एक झाली. वारा थांबला, रेघ थांबली. पुन्हा झुळूक आली. पुन्हा रेघ हलली.

मी कितीतरी वेळ तशीच पाहत होते. भीती वाटायला हवी होती, पण आधी ते सुंदर वाटलं, हे कबूल करते. मग मी समोर पाहिलं. समोरची गच्ची दिसतच नव्हती. टाकी नाही, कठडा नाही. नुसता पाला.

मी पाहणी केली तेव्हा पिंपळ पूर्ण झडलेला होता. शेतकामावर वाढलेल्या मुलीनं झाड मोजलंच नव्हतं. पानाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी हे असलं नेटवर्क गिळतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मात्र ते वाक्य आमच्या अंगणातल्या पिंपळाबद्दल आहे, असं वाटलं नव्हतं.

कॉलेजात बाई सहज म्हणाल्या, “दोन फांद्या छाटून घ्या ना. प्रश्न मिटला.”

मी परत आले आणि झाडाखाली उभी राहिले. त्या फांद्यांखाली किती मुलींनी किती तांबे ओतले असतील. गुरुजी समोरून आले. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं. मी अडखळत सगळं सांगितलं, बाईंचं म्हणणंही.

“बाईंना म्हणावं, कोयता घेऊन तुम्हीच या,” गुरुजी म्हणाले. रागावून नाही. मग वर पाहत म्हणाले, “मी चष्मा लावून तुझी वही वाचली होती. मलाही सुचलं नाही.”

माझ्या खोलीतली मैत्रीण कळमनुरीकडची होती. तिच्या घरी मेंढरं आणि शेरडं. ती बी.ए. करत होती आणि मला ‘विंजिनेर बाई’ म्हणायची. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या खोलीच्या जाळीच्या दारापाशी उभी राहून झाडाकडे बघत होते. ती ताटं मांडत होती.

“विंजिनेर बाई, काहून उभी? काय हुडकून राहिलीस?”

“समोरची इमारत दिसत नाही गं.”

“उभ्यानं कशी दिसंल? खाली बस.”

“म्हणजे?”

“आगं, मेंढरू चुकलं का आमचा बा उभ्यानं हुडकत न्हाई. बुडाशी बसतो. उभ्यानं नुसता पाला दिसतो. शेरडं तोंड पुरतं तिथवर सगळं खाऊन टाकतात, म्हून खालून पार पल्याडपत्तूर मोकळं असतं. बसलं का चार पाय दिसतात.”

“इथं कुठं शेरडं आहेत?”

“न्हाईत. बस तरी.”

मी उंबऱ्यावर बसले. आमच्या पिंपळाच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वरून फुटल्या होत्या. बुंधा जरा डावीकडे होता. त्याच्या उजवीकडून मला समोरच्या ओसरीतल्या खुर्च्यांचे पाय दिसले. त्यामागची खिडकी दिसली. आणि खिडकीत पाहुण्यांचा डबा पूर्वी असायचा ती रिकामी फळी.

“चार पाय दिसले का?” मैत्रिणीनं विचारलं.

“खुर्चीचे,” मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

आता डबा पुन्हा त्या खिडकीत ठेवायचा आणि त्याच्या बरोबर समोर आमचा. समोर होती स्वयंपाकघराची खिडकी. तिथं मावशींच्या लोणच्याच्या बरण्या होत्या.

“माझ्या बरण्या काढनार? या डब्यासाठी?” मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आन फोडणीच्या वासानं ते बिघडलं तर? मंग म्हणसाल, मावशीनं बिघडवलं.”

“नाही म्हणणार मावशी.”

“आधी गच्चीवर नेलंस, मला वाटलं आता आभाळातच जाती. आता आली का सैपाकघरात?”

“आले, मावशी.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग स्वतःच बरण्या उचलायला लागल्या. “एक सांगून ठेवते. जेवणं झाल्याबगर कुणी त्याचं तोंड बघायचं न्हाई. आन ताट वाढल्यावर कुणी बसून राहिलं तर डबा माझ्या पिठाच्या पिंपात.”

डबा बसवला. तेलाच्या डब्याचा पत्रा गच्चीवरून खाली आला, म्हणजे आपल्याच घरी परत आला. मी चूल सोडून सगळीकडे लॅपटॉप धरून फिरले. चार रेघा. बाहेर वारा सुटला. वर पिंपळ सळसळत होता, सगळा हलत होता, आणि खाली रेघा जागच्या हलल्या नाहीत.

राहिला अहवाल. सोनेरी अक्षरांचा, बांधलेला. त्यात गच्च्यांचं चित्र होतं आणि इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की मध्ये काहीही आड येत नाही. पुन्हा टाइप करून बांधायला वेळ नव्हता. वर्गातल्या मुलांनी सांगितलं, “गप बस. परीक्षक काही गच्चीवर चढत नसतात. चालतंय ना? झालं तर.” मीही तेच ठरवलं होतं. म्हणजे, ठरवलं होतं असं म्हणण्यापेक्षा वेगळं काही करायचा धीर नव्हता.

परीक्षक आले त्या दिवशी अंगणात जयंतीच्या निळ्या पताका लागल्या होत्या. ते वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी अहवाल उघडला, चित्र पाहिलं आणि म्हणाले, “चला, गच्ची दाखवा.”

जिना चढताना मी पायऱ्या मोजत होते, कशासाठी कोण जाणे. वर गेल्यावर ते कठड्याशी उभे राहिले. समोर पिंपळ भरगच्च उभा होता, इतका की हात लांबवला तर पानं लागावीत. त्यांनी अहवाल पाहिला, मग झाड, मग मला.

“यातून येतं?”

हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. खाली जाऊन चार रेघा दाखवल्या असत्या. त्यांना काय कळणार होतं.

“नाही सर.”

“मग इथं लिहिलंय ते खोटं?”

“खोटं नाही सर.” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. “तेव्हा पानं नव्हती.”

मी सगळं सांगितलं, जसं आठवेल तसं, मागचं पुढे, पुढचं मागे. थरथरणारी रेघ, चुकलेलं मेंढरू, लोणच्याच्या बरण्या. ते ऐकत पानांकडे बघत होते. मग खाली स्वयंपाकघरात आले. मावशींनी पाट दिला, त्यावर मांडी घालून बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. एक पान उघडलं, मग दुसरं, तिसरं. सगळी पूर्ण उघडली. मग ते बसल्या जागेवरून दाराबाहेर वाकून बघू लागले. बुंध्याच्या उजवीकडून, ओसरीपर्यंत.

“हं,” ते म्हणाले. “दिसतं.”

अहवालाच्या शेवटी एक कोरं पान होतं. ते माझ्यापुढे करून त्यांनी खिशातलं पेन दिलं. “काय चुकलं आणि कसं कळलं, तेवढं इथं लिहा. इंग्रजीत नाही जमलं तर मराठीत लिहा.”

मी ओट्यावर ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली. मावशी म्हणाल्या, “साहेब, जेवून जावा.” ते थांबले नाहीत, पण जाताना पिंपळाखाली थोडं रेंगाळले, ते मी खिडकीतून पाहिलं.

मी पास झाले. डबा खिडकीतच राहिला. त्या वर्षीच्या उरलेल्या संध्याकाळी मुली जेवण झाल्यावर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायच्या आणि मावशी भांडी घासता घासता मागून विचारायच्या, “समुद्र दाखीव गं, कालचा.”

सुट्टीत मी तो अहवाल घरी नेला. वडिलांनी हात धुऊन तो घेतला, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. एकेक पान उलटत गेले. ते चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी प्रत्येक पानावर जरा थांबत होते. मला ते पाहवत नव्हतं. मग शेवटचं पान आलं, आणि ते एकदम सरळ बसले. तेवढंच पान त्यांना वाचता येत होतं. अक्षर लावत लावत ते मोठ्यानं वाचू लागले:

“पाहणी... केली तेव्हा... पिंपळाला पानं नव्हती. ही माझी चूक.”

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

“झाडाला काही केलं न्हाई ना?”

“न्हाई.”

“मग बराबर आहे,” वडील म्हणाले.